आधी काय मोडणार?

मोशीच्या शेती प्रदर्शनात दादा प्रत्येक स्लॅशरच्या पत्र्यावर मुठीने ठोकून बघत होता. कलिंगड निवडताना ठोकतात तसं. आवाज ऐकून "पातळ आहे" किंवा "हा बरा" म्हणायचा आणि पुढच्या स्टॉलकडे निघायचा. मी मागून पत्रकं गोळा करत होते. दुपारपर्यंत पिशवीत नऊ-दहा पत्रकं झाली आणि सगळ्यांवर एकाच अर्थाचे शब्द वेगवेगळ्या टायपात होते: दणकट, मजबूत, टिकाऊ, हेवी ड्यूटी. एका स्टॉलवरचा मुलगा दादाला म्हणाला, "काका, हे घ्या आणि विसरून जा. दगड लागू दे, खोड लागू दे, ह्याला काही होत नाही." दादाला ते वाक्य फार आवडलं. मलाही आवडलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर त्या मुलावर फोडून मोकळं व्हायचा मोह मला बरेच महिने होता.

माण तालुक्यात आमचा १४ एकर माळ आहे. कागदावर पडीक. प्रत्यक्षात त्यावर कुसळी येते, पवन्या येतो, पावसाळ्यात धनगरांची मेंढरं चरतात, कडेला तरवड आणि बोराटी आहे. वडील गेल्यावर अर्धा हिस्सा माझ्या नावावर चढला, अर्धा दादाचा, म्हणजे थोरल्या चुलतभावाचा. तो गावात असतो. मी पुण्यात, विम्याच्या दाव्यांच्या कामात २६ वर्षं काढून निवृत्त झाले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत माळावर वेडी बाभूळ आणि घाणेरी शिरली आणि गवत मागे हटत गेलं. ती कापायची, गवताला जागा करायची, उन्हाळ्याआधी कडेने जाळपट्टा ठेवायचा, एवढाच बेत होता. जेसीबी लावून सगळं एकदाचं उपटून टाकावं असंही एक मत घरात होतं. पण माळावरची माती चार बोटं, खाली मुरूम. ती उकरली की पहिल्याच वळवात ओढ्याला जाते. म्हणून कापायचं ठरलं आणि कापायचं म्हणून स्लॅशर.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: उलटं घातलेलं एक भलंमोठं लोखंडी घमेलं डोळ्यांपुढे आणा. ते ट्रॅक्टरच्या मागे तीन पॉइंटला जोडतात. वर गिअरबॉक्स, त्यातून खाली उतरणारा उभा शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला आडवी पट्टी आणि पट्टीच्या दोन टोकांना दोन जाड पाती. ट्रॅक्टरच्या पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे गिअरबॉक्समधून खाली उतरेपर्यंत हजाराच्या आसपास होतात. आमच्या ५ फुटी यंत्रात पात्याच्या टोकाचा वेग त्या हिशेबाने ताशी २८० किलोमीटरच्या घरात जातो. अमेरिकेत अलाबामातल्या सेल्मा गावच्या एका कंपनीने १९५१ साली असं यंत्र बाजारात आणलं आणि तिचं 'बुश हॉग' हे नाव तिथे या जातीच्या सगळ्याच यंत्रांना चिकटलं, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. झुडपं खाणारं डुक्कर. नाव समर्पक आहे.

यंत्र निवडण्यासाठी मी जे वाचलं त्यात मला दोन गोष्टींचं नवल वाटलं. पहिली, पाती बोथट असतात. धार लावायची असते, पण ती कोयत्याची नव्हे. जाड झुडपाला बारीक धार लगेच दुमडते. इथे काम करतं ते वजन आणि वेग. दुसरी, पाती पट्टीला घट्ट बसवलेली नसतात. एकेका जाड बोल्टवर ती सैल लोंबकळतात, फिरताना वेगामुळे बाहेर फेकली जाऊन ताठ होतात आणि दगड लागला की मागे सरकतात. म्हणजे या राक्षसाच्या हातातलं हत्यार मुळात माघार घेणारं आहे. पट्टीच्या खाली बऱ्याच यंत्रांना एक गोल ताटली असते. खोड लागलं तर यंत्र तिच्यावरून घसरत पलीकडे जातं. आणि ट्रॅक्टर व गिअरबॉक्स यांच्यामधल्या शाफ्टवर असतो शिअर बोल्ट: मुद्दाम मऊ लोखंडाचा, दहा-पंधरा रुपयांचा. धक्का मर्यादेबाहेर गेला की तो तुटतो, पाती थांबतात, गिअरबॉक्स वाचतो. काही यंत्रांत बोल्टाऐवजी स्लिप क्लच असतो, तो तुटण्याऐवजी घसरतो.

म्हणजे खडबडीत जमिनीवर खरंच टिकणारं यंत्र कोणतं, तर ज्यात कुणी सरकायचं, कुणी घसरायचं, कुणी तुटायचं हे आधी ठरलेलं आहे ते. पत्र्याची जाडी महत्त्वाची आहेच. गिअरबॉक्स ट्रॅक्टरच्या ताकदीला पुरणारा हवा, पुढे-मागे दगड अडवणाऱ्या साखळ्या हव्यात, ऑइल सील आणि पाती दहिवडीत मिळायला हवीत. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पण वहीच्या वरच्या ओळीत मी जो प्रश्न लिहिला होता तो 'किती टिकेल?' असा होता. 'आधी काय मोडणार?' हा प्रश्न मी एकाही स्टॉलवर विचारला नाही. विम्यात आयुष्य काढलेल्या बाईने हा प्रश्न विचारू नये याची मला आजही लाज वाटते. आमचा सगळा धंदाच या एका गोष्टीवर उभा होता की नुकसान नाहीसं होत नाही, ते फक्त कुणाकडे जायचं हे ठरवता येतं.

आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' हे फार अभिमानाने म्हणतात. शाळेच्या भिंतीवर मी ते रंगवलेलं पाहिलं आहे, प्रचाराच्या भाषणांत ऐकलं आहे आणि आमच्या घराण्याबद्दल आजोबा ते वाक्य वापरायचे. (दोन भावांत बांधावरून १८ वर्षं बोलणं नव्हतं, त्याला हे तत्त्वज्ञान.) या वाक्यातली गोम अशी की मोडणारा स्वतःच ते बोलत असतो. त्याने आपलं मोडणं स्वतः निवडलं आहे, म्हणून त्यात शौर्य दिसतं. पण बहुतेक वेळा न वाकणारा एक असतो आणि मोडणारा दुसरा. आजोबा वाकले नाहीत. मोडलं ते आजीचं माहेर, कारण तिचा भाऊ दुसऱ्या बाजूने साक्षीला उभा राहिला होता. ताठपणाचा हिशेब मांडायचा तर ताठ उभ्या असलेल्याकडे पाहून चालत नाही. त्याच्या शेजारी कोण आहे ते बघावं लागतं.

आम्ही घेतलं ते यंत्र वाईट नव्हतं. शिअर बोल्टचं होतं, पाती झुलती, साखळ्या दोन्हीकडे. दिवाळीनंतर, गवताचं बी पडून गेल्यावर आणि माळावर अंडी घालणाऱ्या पाखरांचा हंगाम संपल्यावर काम सुरू केलं. ट्रॅक्टर दादाचा, ड्रायव्हर गावातला, रोजंदारीवरचा, वयाने तिशीचा. त्याला स्वतःची जमीन नाही. हात फार चांगला. वाकड्या बांधाच्या कडेने वीतभर अंतर ठेवून यंत्र न्यायचा.

पहिल्या दोन दिवसांत बोल्ट ११ वेळा तुटला. प्रत्येक वेळी इंजिन बंद करायचं, यंत्र टेकवायचं, तुटलेला तुकडा ठोकून बाहेर काढायचा, नवा घालायचा. वीस मिनिटं कुठे गेली नाहीत. अशा जमिनीवर तासाला अर्धा एकर झाला तरी खूप. आमचा त्याच्याही खाली आला. मी दोन दिवसांसाठी गावी गेले होते आणि कडेला छत्री घेऊन उभी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दादाला म्हणाले, "अरे, दोन दिवसांत साडेतीनच एकर? डिझेलचा खर्च तरी निघतोय का?" या वाक्याचा स्वर मला अजून आठवतो. तो दाव्याची फाईल अडली की कनिष्ठ कारकुनाशी बोलायचा माझा स्वर होता.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर जेवायला बसला असताना दादाने बोल्ट बदलला. ट्रॉलीच्या डब्यात एक जुना होता, डोक्यावर १०.९ कोरलेला. यंत्राबरोबर आलेल्या बोल्टांवर ४.६ होतं. ज्यांना या आकड्यांशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी: ४.६ चं पोलाद चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटनच्या ताणाला तुटतं, १०.९ चं १००० ला. दादाने अडीचपट ताकदीचा बोल्ट बसवला आणि मला सांगितलं, "आता बघ, थांबायचं नाव नाही." मी बरं म्हणाले. ड्रायव्हरला कुणी काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास वरच्या अंगाला यंत्र गवतात बुडालेल्या एका दगडावर गेलं. ताटली घसरली नाही, पात्याला सरकायला जागा मिळाली नाही, बोल्ट तुटला नाही. तुटला तो पीटीओ शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस. मोठा आवाज झाला म्हणून ड्रायव्हर उजवा हात लिफ्टच्या दांड्यावर ठेवून मागे वळला आणि सुटलेल्या शाफ्टने उडवलेला लोखंडाचा तुकडा त्याच्या हातावर बसला. कोपराच्या खालचं हाड मोडलं. त्याने डाव्या हाताने ट्रॅक्टर बंद केला आणि मग खाली उतरला. तुकडा हातभर वर लागला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा आत एकही दात गेलेला नव्हता. पत्र्याला पोचा नव्हता. स्टॉलवरच्या मुलाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं: यंत्राला काही झालं नाही.

हाताला प्लॅस्टर, मग व्यायाम, मग पकड येईपर्यंत वाट बघणं, असे अडीच महिने त्याला काम नव्हतं. दादाने दवाखान्याचं बिल त्याच दिवशी भरलं. घरी ज्वारीचं पोतं आणि तेल पाठवलं, वहिनी दोनदा जाऊन आली. मी पुण्याहून फोनवर कायद्याचं बोलू लागले. तेव्हा १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा होता, त्याच्या परिशिष्टात ट्रॅक्टरने शेतीकाम करणारा माणूस येत होता, त्याला काम नसलेल्या काळाचं साधारण अर्धं वेतन आणि औषधोपचाराचा खर्च हक्काने मिळत होता, वगैरे. दादा दुखावला. म्हणाला, "तो आपला माणूस आहे. त्याचा बाप आपल्याकडे होता. कायदा काढून त्याला परका करू नकोस."

हे उडवून लावण्यासारखं नव्हतं. मी कायद्याने बोलत होते ते अर्ध्या वेतनाबद्दल. दादा प्रत्यक्षात त्याहून जास्त देत होता. कायदा ज्वारीचं पोतं पाठवत नाही आणि वहिनीला विचारपूस करायला लावत नाही. मी स्वतः २६ वर्षं पाहिलं आहे की हक्काचे पैसे हक्काने मागणाऱ्याला किती खेटे घालावे लागतात. तरीही दादाच्या 'आपला माणूस'मध्ये एक गोष्ट मला खटकत राहिली. किती द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि कधी थांबवायचं हे सगळं देणाऱ्याच्या हातात होतं. घेणाऱ्याने फक्त घ्यायचं आणि तोंडावर समाधान ठेवायचं. आणि देण्याला माया म्हटलं की ते नुकसान कुणामुळे झालं हा प्रश्नच उरत नाही. दादाने एवढं सगळं केलं, पण 'बोल्ट मी बदलला' हे त्याने ड्रायव्हरला तोवर सांगितलेलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. कायद्याच्या आड लपणं मला जमलं, मायेच्या आड लपणं त्याला.

शेतीतल्या यंत्राने माणसाचा हात जाणं ही काही आमच्या माळावर लागलेली नवी गोष्ट नाही. मळणीयंत्रांत इतके हात जात होते की १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाच केला. आणि आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे; शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला किंवा हात, पाय, डोळा गेला तर मदत मिळते. ती मिळते सात-बारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे पुण्यात राहून, छत्री घेऊन कडेला उभी राहणारी मी शेतकरी आहे. त्या माळावर बूड ठेवून दिवसभर हादरे खाणारा तो नाही. मोडलेलं हाड या योजनेत तसंही बसलं नसतं. मुद्दा तो नव्हे. मुद्दा असा की कागदावरसुद्धा धक्का सोसायची जागा त्याची होती आणि छत्रीखालची माझी.

या प्रसंगाकडे मी बराच काळ 'चूक' म्हणून पाहत होते: चुकीचा बोल्ट, निष्काळजीपणा, विषय संपला. पण त्यात त्याहून थोडं जास्त काहीतरी आहे. कुठल्याही साखळीला धक्का बसला की तिच्यातलं सगळ्यात कच्चं जे असेल ते तुटतं, याला इलाज नाही. शिअर बोल्ट घालणारा इंजिनीअर हे मान्य करतो आणि म्हणतो, ठीक आहे, तर मग कच्चं काय असेल ते मी ठरवतो, आणि ते पंधरा रुपयांचं असेल. आम्ही तो बोल्ट काढून घट्ट केला तेव्हा यंत्रातलं कच्चेपण संपलं नाही. ते पुढे सरकलं, क्रॉसपर्यंत, आणि तिथून हाताच्या हाडापर्यंत. आमची समजूत अशी की आम्ही यंत्र मजबूत केलं. खरं तर पुढचं कच्चं काय, हे ठरवायचं आम्ही सोडून दिलं.

यावर माझ्या एका मैत्रिणीने, जी तत्त्वज्ञान शिकवते, एक आक्षेप घेतला. तिचं म्हणणं, हा बोल्ट तुला एवढा आवडू लागलाय, पण काही माणसांना मुद्दाम कमजोर ठेवून मोक्याच्या जागी बसवणं हीच तर व्यवस्थेची जुनी पद्धत आहे. गटारात उतरणारा, कंत्राटावरचा, चौकशीत सापडणारा खालचा कारकून: हे सगळे शिअर बोल्टच आहेत, पंधरा रुपयांत बदलता येणारे. तुझा इंजिनीअर सज्जन आणि ही व्यवस्था दुर्जन, हे तू कशावरून ठरवतेस? दोघेही तेच करतात. मला उत्तर द्यायला वेळ लागला. लोखंडाला वेदना नसते, हे सोपं उत्तर, आणि कांटला मध्ये आणून माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये असंही म्हणता येतं. पण तिच्या आक्षेपातला टोकदार भाग मला दुसरीकडे दिसतो. खालच्या कारकुनाच्या बाबतीत तो तुटेपर्यंत कुणीच म्हणत नाही की याला इथे तुटण्यासाठी ठेवलंय. त्याला म्हणतात कणा, आधारस्तंभ, आपला माणूस. शिअर बोल्टावर निदान त्याचा आकडा कोरलेला असतो. माझ्या नोकरीत मी कितीतरी अहवालांवर सह्या केल्या, ज्यांत 'कर्मचाऱ्याची चूक' असा शेरा होता आणि त्या कर्मचाऱ्याला तशा घाईत कुणी ठेवलं हा रकानाच नव्हता. रकाना नव्हता म्हणून मी लिहिलं नाही. हा बचाव आज मला फारसा पटत नाही.

ड्रायव्हरला मी फेब्रुवारीत भेटले. प्लॅस्टर निघालं होतं. दादाला बरोबर घेतलं होतं, कारण एकटीने सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. दादानेच सांगितलं, खाली बघत, दोन वाक्यांत. ड्रायव्हर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला कळाया पायजे हुतं. मी बोल्टाच्या भरवशावर वडत हुतो. तुटंल म्हणून तर जोरात घेत हुतो." मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा 'जाऊ द्या' म्हणेल. तो यातलं काहीच म्हणाला नाही. तो फक्त त्या दुपारचं गणित सांगत होता: बोल्ट मऊ आहे हे माहीत असलेला माणूस एका वेगाने चालवतो, कडक आहे हे माहीत असलेला दुसऱ्या. आम्ही त्याच्या हाताखालची वस्तू बदलली आणि त्याच्या डोक्यातलं गणित तसंच ठेवलं. दोन दिवसांत ११ बोल्ट तुटले त्यात त्याचा हा भरवसाही होता, आणि तो भरवसा बरोबर होता. अडीच महिन्यांचं पूर्ण वेतन आम्ही दोघांनी निम्मं-निम्मं दिलं, रक्कम कागदावर लिहून. कागदाचा आग्रह माझा होता. घेताना त्याने तो दोनदा वाचला. दादा तेव्हा दाराबाहेर उभा होता.

आणि तो दगड. तो काही कुठून आलेला नव्हता. वरच्या अंगाला मेंढरांच्या जुन्या वाड्याचा पाया आहे, हे पावसाळ्यात आमच्या माळावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराने मला सांगितलं होतं. "तिकडं दगडं हायती बगा," म्हणून काठीही दाखवली होती. मी मान डोलावली होती. दिवाळी झाली तसा तो कळप घेऊन कोकणाकडे उतरला आणि ज्याला तो माळ पायांनी माहीत होता असा माणूस आमच्यात उरला नाही. मला त्याची आठवण राहिली नाही याचं कारण विसरभोळेपणा नव्हे. आम्ही असं यंत्र घेतलं होतं ज्याला काही होत नाही. मग दगड कुठे आहेत हे लक्षात ठेवायचं कशाला? दणकट यंत्राची ही एक बाजू आहे. ते जमिनीची माहिती अनावश्यक करून टाकतं. पडीक, ओसाड, खडबडीत हे शब्दही तेच करतात. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकार काढतं, त्यात झुडपी माळ आणि गवताळ पट्टे पडीकच्या रकान्यात जातात. सोलापूरजवळचं नान्नज, जिथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, तेही असंच माळरान. तिथला माळ पक्ष्यासाठी राखून ठेवला, आमचा रकान्यातच राहिला. गवत दोन्हीकडे सारखंच दिसतं.

कापलेल्या वेडी बाभळीचं काय झालं तेही सांगते, कारण पत्रकांत ते नसतं. पहिल्या पावसानंतर प्रत्येक बुंध्यातून चार-चार, पाच-पाच फुटवे आले. ही बाभूळ एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणली. ती कापल्याने मरत नाही, उलट दाट होते. घाणेरीही तशीच. शिवाय पात्याने फाडलेले बुंधे टोकदार राहतात आणि टायर फोडतात; आमचे दोन फुटले. म्हणजे स्लॅशर हे एकदा करायच्या कामाचं यंत्र नाहीच. मोठे बुंधे हाताने, कुदळीने, मुळासकट काढायचे आणि यंत्राने फक्त कोवळी फूट आणि वाळलेलं गवत दाबात ठेवायचं, दरवर्षी. 'घ्या आणि विसरून जा' यातलं 'विसरून जा' या कामाला कधीच लागू नव्हतं.

यंत्र आम्ही विकलं नाही. दादाचं मत विकावं असं होतं, त्याला ते डोळ्यांसमोर नको होतं. मी म्हटलं, विकलं तर तो १०.९ चा बोल्ट कुणाच्या तरी माळावर जाईल. तो बोल्ट आता माझ्या पुण्याच्या टेबलावर आहे. गिअरबॉक्सपुढे स्लिप क्लच बसवून घेतला, तरी शिअर बोल्ट बदलून ४.६ चाच ठेवला. क्लचचीही एक भानगड आहे: पावसाळाभर यंत्र उभं राहिलं की त्याच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. बाहेरून काही कळत नाही. घसरायच्या वेळी तो घसरत नाही आणि आपण मात्र क्लच आहे म्हणून निर्धास्त. दर हंगामाच्या सुरुवातीला नट सैल करून तो मुद्दाम घसरवून बघावा लागतो. संरक्षण आहे असं वाटणं आणि संरक्षण असणं यांतला हा फरक मी दाव्यांच्या फायलींत पुष्कळ वाचला होता, पण हाताला गंज लावून घेतला तो पहिल्यांदाच.

या वर्षी १४ एकरांपैकी सहाच कापायचे ठरले. आधी तीन दिवस चालत फिरलो, मी, दादा आणि ड्रायव्हर. धनगर कोकणात उतरायच्या आत त्यालाही एक सकाळ आणलं. त्याने ११ जागा काठीने दाखवल्या, त्यातल्या चार आमच्या नजरेला सापडल्याच नव्हत्या. प्रत्येक दगडाला चुना मारला. जुन्या वाड्याचा सगळा तुकडा सोडून दिला, तिथे बोराटी राहू दे. यंत्राची उंची वीतभर वर घेतली. गवताचे बुडखेही वाचतात आणि पातीही. दादाने यातलं निम्मं कुरकुरत केलं. "एवढ्या वेळात विळ्याने झालं असतं," म्हणाला, आणि ते अगदीच खोटं नाही.

ड्रायव्हर यायला तयार होईल की नाही याची मला खात्री नव्हती. आला. रोज ठरवला, पैसे रोजच्या रोज घेणार म्हणाला, दादाने मान डोलावली. मग ट्रॅक्टरवर चढायच्या आधी तो यंत्राच्या मागे गेला, शाफ्टवरचं कव्हर बाजूला केलं आणि खाली बसला. बोल्टाच्या डोक्यावर ग्रीसचा थर होता. त्याने तो अंगठ्याने पुसला, वाकून आकडा वाचला, उजव्या हाताने नट फिरवून पाहिला. ते मनगट अजून पूर्ण वळत नाही. मग दादाकडे न बघता म्हणाला, "डबा बी दावा. जादाचं बोल्ट कुठलं हायत ते बगतो."

दादाने डबा आणून त्याच्यापुढे उघडला.